फोटोग्राफीचा स्वतःचा धंदा उभा करताना जोडकाम कोणतं करावं? (नाशिक)

मखमलाबादकर | 15 जून 2025

यंदा गुरूचा अस्त आला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच मुहूर्त संपले. पुढे आषाढी, मग चातुर्मास, आणि तुळशीची लग्नं थेट 2 नोव्हेंबरपासून. साडेचार महिने हातात लग्नाचं काम नाही. गेल्या वर्षी हे दिवस कसे काढले ते मला आणि घरच्यांनाच माहीत, म्हणून यंदा आधीच विचारतोय.

माझं वय 28. अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षं क्वालिटीत होतो. मार्च 2024 मध्ये नोकरी सोडली. पहिल्या हंगामात सहा ऑर्डरी झाल्या, यंदा अकरा. त्यातल्या सात माझ्या स्वतःच्या आणि चार दुसऱ्या स्टुडिओसाठी सेकंड कॅमेरा म्हणून, म्हणजे त्यांच्या मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला. एक फुलफ्रेम कॅमेरा बॉडी आहे, 35 आणि 85 च्या प्राइम लेन्स, एक 24-70 झूम, दोन फ्लॅश, उजेड मऊ करायला एक सॉफ्टबॉक्स. कॅमेऱ्याचा हप्ता महिन्याला 6,800. घर वडिलांचं, त्यामुळे भाडं नाही, पण वडील पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

धंदा स्वतःचाच करायचा हे नक्की आहे. तोवर चार पैसे येत राहतील असं अर्धवेळ काम हवंय. समोर तीन गोष्टी आहेत. कॉलेज रोडच्या एका स्टुडिओने दुपारी 2 ते 8 बसायला महिना 15,000 सांगितलेत, अट एकच, हंगामात त्यांच्या तारखा आधी. दुसरं, एका मित्राच्या ओळखीने जेवणाच्या डिलिव्हरीचं काम. तिसरं म्हणजे जुन्या कंपनीत कंत्राटावर परत जाणं, सहा महिन्यांसाठी.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा. सल्ला कडू असला तरी चालेल.

जुना_पंचवटीकर | 15 जून 2025

स्टुडिओची ती अट मान्य करू नकोस. बाकी काहीही कर.

वर्षात मुहूर्त मोजकेच, आणि त्यातही निम्मी लग्नं आठ-दहा मोठ्या तारखांनाच होतात. त्या तारखा त्यांच्या झाल्या की तुझ्याकडे उरणार काय? समोरून कुणी नातेवाईक विचारेल, "अमुक तारखेला मोकळा आहेस का?", आणि तुला नाही म्हणावं लागेल. दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. महिना 15,000 मध्ये तुझा अख्खा धंदा ते विकत घेतायत, हे त्यांनाही कळतं. माणसं वाईट आहेत असं नाही, त्यांचाही हंगाम तोच आहे.

मी 1998 ला सुरुवात केली तेव्हा रोलचे दिवस होते. दिवसा लहानसहान ऑर्डरी आणि रात्री एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला. पगार फार नव्हता. पण शहरातल्या प्रत्येक फोटोग्राफरच्या निगेटिव्ह माझ्या हाताखालून जायच्या. कुणाचा फ्लॅश नवरीच्या कपाळावर फुटतो, कोण 36 च्या रोलमध्ये बारा फ्रेम वाया घालवतो, कोण मंगलाष्टकांना नेमका कुठे उभा राहतो, हे सगळं मी तिथे शिकलो. लॅबवाल्याला माझ्या तारखांशी देणंघेणं नव्हतं. सकाळी लग्न असेल तर मी रात्री दोन तास आधी निघायचो, इतकंच.

जोडकाम बघताना आधी हे बघ की त्या कामाचा हंगाम आणि तुझा हंगाम एकाच वेळी येतो का. येत असेल तर पैसे कितीही असोत, लांब राहा.

रविवारचा_कॅमेरा | 15 जून 2025

मी उलट सांगणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. मी बँकेत आहे आणि गेली सहा वर्षं फक्त सुट्टीच्या दिवशी काम घेतो. पगार दर महिन्याला येतो, त्यामुळे मला कमी पैशांत काम घ्यावं लागत नाही. ज्याला हप्ता भरायचा असतो तो घाबरून दर पाडतो, आणि एकदा पाडलेला दर त्याच गल्लीत पुन्हा वर जात नाही. कंत्राटावर परत जा. सहा महिने म्हणजे डिसेंबर येईल.

मात्र रुजू होण्याआधी नेमणुकीचं पत्र नीट वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही असं कलम असतं. लेखी परवानगी घेतलेली बरी.

मखमलाबादकर | 16 जून 2025

@रविवारचा_कॅमेरा, दर पाडण्याचं तुम्ही बोललात ते अगदी खरं. गेल्या ऑगस्टमध्ये मी एक साखरपुडा अर्ध्या दरात केला आणि त्याच घरातल्या लग्नाला त्यांनी तोच दर धरला. पण मुहूर्त रविवार बघून येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरातल्या माझ्या दोन ऑर्डरी मधल्या वारी आहेत, आणि कंत्राटी माणसाला रजा मिळत नाही हे मी चार वर्षं शेजारच्या मशीनवर बघितलंय.

@जुना_पंचवटीकर काका, हंगामाचं पटलं. पण चातुर्मासात नाशिकमध्ये फोटोचं काम असतं तरी कुठे?

येवल्याची_लेक | 16 जून 2025

असतं दादा, भरपूर असतं. लग्नाच्या कार्यालयाकडेच बघत राहिलं की ते दिसत नाही.

मी स्वतः लग्नं करत नाही, वस्तूंचे फोटो काढते. सुरुवात घरापासून झाली, माझ्या माहेरी माग आहेत. पैठणी विकणारे लोक आता फोनवर फोटो पाठवून विकतात, आणि दसरा-दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदात फोटोला लागतो. म्हणजे जुलै अखेर ते सप्टेंबर. तुमचे रिकामे महिने तेच माझे गर्दीचे.

जरीचा फोटो काढणं सोपं नाही, एवढं आधीच सांगते. समोरून सॉफ्टबॉक्स मारला की जरतार पिवळट, मेलेली दिसते. दिवा बाजूने, साडीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, खालच्या कोनात ठेवायचा. मग पदरावरचा मोर उठून येतो. दुसऱ्या बाजूने पांढरा थर्माकोल, नाहीतर काठाची सावली काळी पडते. आणि रंग! रंग चुकला की साडी परत येते, आणि परत आलेल्या साडीचं कुरिअर विणकराच्या खिशातून जातं. मी प्रत्येक साडीच्या पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरते, खोलीतले बाकी सगळे दिवे बंद, पडदे बंद. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की जांभळा रंग कधीच खरा उतरत नाही. एवढं करूनही अंजिरी आणि वांगी हे दोन रंग फसवतात, तेव्हा साडी शेजारी ठेवून स्क्रीनवर जुळवून घ्यायची.

मी एका साडीचे पाच फोटो देते: पूर्ण घडी, पदर, काठ, बुट्टी जवळून, आणि उलटी बाजू. उलटी बाजू कधीच सोडायची नाही, कारण जाणकार गिऱ्हाईक हातमागाची खूण तिथेच बघतं. एका साडीचे 220 रुपये घेते. सवय झाली की दिवसाला 30 होतात.

मला ऑगस्टपासून माणूस लागणार आहे. पहिले दोन दिवस माझ्याबरोबर उभे राहा, जमलं तर पुढचे दिवस तुमचे.

दुसरं, तुम्ही अंबडला क्वालिटीत होता ना? मग सातपूर, अंबड, सिन्नरच्या लहान कारखानदारांकडे का जात नाही? त्यांना कॅटलॉग लागतो, वेबसाइटला फोटो लागतात. ड्रॉइंग वाचता येणारा फोटोग्राफर त्यांना मिळत नाही. कुठला थ्रेड दिसला पाहिजे, कुठली कड महत्त्वाची, हे तुम्हाला न सांगता कळेल. चकचकीत स्टीलच्या पार्टमध्ये कॅमेरा आणि फोटोग्राफर दोघंही दिसतात, त्याला बटर पेपरचा तंबू करून बाहेरून दिवे द्यायचे. सेफ्टी शूज स्वतःचे ठेवा, गेटवर अडवतात.

गंगापूररोड | 16 जून 2025

पावसाळ्याचंच बोलायचं तर इगतपुरी, त्र्यंबक, पहिने या पट्ट्यातले होमस्टे आणि रिसॉर्ट विसरू नका. त्यांना हिरवा डोंगर आणि ढग हवे असतात, ते जुलै ते सप्टेंबरच मिळतात. मे महिन्यात काढलेले पिवळे फोटो लावून बसलेले मालक मी स्वतः बघितलेत. आकाश भरलेलं असताना खोलीतला आणि बाहेरचा उजेड जवळपास सारखा येतो, त्यामुळे खिडकीबाहेरचं दृश्य जळत नाही, म्हणजे पांढरं फटक पडत नाही. उन्हात याच फोटोला तीन-तीन एक्स्पोजर घ्यावे लागतात.

फक्त लेन्स सांभाळा. तिकडून आल्यावर बॅग बंद ठेवायची नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून लेन्स त्यात. माझ्या एका लेन्सला इगतपुरीच्या दोन पावसाळ्यांत बुरशी धरली.

रात्रपाळी_एडिटर | 17 जून 2025

अल्बम डिझाइनचा पर्याय कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. मी रात्री 10 ते 2 चार स्टुडिओंचे करिझ्मा अल्बम (पानं कॉम्प्युटरवर डिझाइन करून छापलेले) लावतो, शीटमागे 60 रुपये. एप्रिल-मेमध्ये झालेल्या लग्नांचे अल्बम लोक जून ते ऑगस्टमध्ये मागतात, म्हणजे शूट थांबलं की आमचं काम वाढतं. सिलेक्शन, कलर करेक्शन, व्हिडिओचं मिक्सिंग, सगळं तेव्हाच.

चांगलं काय, तर दुसऱ्याच्या फाइल्स बघून शिकायला मिळतं. काकांनी लॅबचं सांगितलं तेच आज आमच्याकडे आहे. वाईट काय, तर स्वतःचे अल्बम मागे पडतात. मी गेल्या वर्षी माझ्याच एका क्लायंटचा अल्बम पाच महिने लटकवला. त्या बाई शेवटी घरी आल्या आणि काही न बोलता बसून राहिल्या. तेव्हापासून नियम केला, आधी स्वतःचं काम, मग बाहेरचं.

सिन्नरची_सून | 17 जून 2025

मी फोटोग्राफर नाही, फोटोग्राफरची बायको आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली. सगळे काम कुठलं करावं ते सांगताय, मी पैशांचं सांगते.

भाऊ, तुम्ही जून महिन्यात डिसेंबरच्या लग्नाचा अ‍ॅडव्हान्स घेतला असेल. तो खर्च झालाय का? आमच्याकडे पहिली चार वर्षं हेच व्हायचं. पावसाळ्यात अ‍ॅडव्हान्स यायचे, त्यावर घर चालायचं, आणि डिसेंबरमध्ये त्याच लग्नाचा अल्बम, लॅब, असिस्टंट, पेट्रोल यांना पैसे नसायचे. मग पुढच्या लग्नाचा अ‍ॅडव्हान्स मागच्या लग्नाच्या लॅबला. माणूस दिवसरात्र राबतोय आणि हातात काही नाही, हे बघणं फार त्रासाचं असतं.

आता दोन खाती आहेत. अ‍ॅडव्हान्स एका खात्यात, त्याला लग्न होईपर्यंत हात लावायचा नाही. लग्न झालं की त्यातून आधी लॅब आणि माणसांचे पैसे बाजूला. उरलेले दुसऱ्या खात्यात, आणि तिथून दर महिन्याच्या 5 तारखेला ठरावीक रक्कम घरखर्चाला, हंगाम असो वा नसो. हंगामात जास्त वाटतात म्हणून जास्त काढायचे नाहीत. पहिल्या वर्षी आमची ती रक्कम फक्त 14,000 होती. तेवढ्यात भागवलं.

जोडकाम किती करायचं ते या आकड्यावरून ठरतं. महिन्याला किती कमी पडतायत ते आधी काढा. तुम्हाला 15,000 ची गरज आहे की 9,000 ची, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

मखमलाबादकर | 18 जून 2025

वहिनी, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली आणि आम्ही दोघं रात्री वही घेऊन बसलो. हप्ता, घरात द्यायचे पैसे, पेट्रोल, फोन, विमा धरून महिन्याला 19,500 लागतात. हातातल्या थकबाकीतून सरासरी 8,000 येतील. म्हणजे कमी पडतायत 11,500. इतके दिवस मी "काहीतरी पगार हवा" असं म्हणत होतो, आकडा माहीतच नव्हता.

आणि हो, दोन अ‍ॅडव्हान्स खर्च झालेत.

हिशेबनीस | 18 जून 2025

वेगवेगळ्या ठिकाणचं जोडकाम घेणार असाल तर कागदांचं बघून ठेवा. मी कर सल्लागार आहे, नाशिकरोडला बसतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. नोंदणीचा खरा उपयोग कारखान्यांकडून पैसे वसूल करताना होतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. आयकर कायद्यात नवीन तरतूद आल्यापासून, म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. कंपनीच्या अकाउंट्समधला माणूस तो क्रमांक बघितला की बिल वर काढतो.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल आहे, तुम्हाला सध्या गरज नाही. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला 2,500 असतो, तो लोक हमखास विसरतात. आणि कुणी तुमचं बिल देताना त्यातून कर (टीडीएस) कापला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागा. तरुण फोटोग्राफर हे पैसे सरकारकडेच सोडून देतात.

जुना_पंचवटीकर | 19 जून 2025

वहीचा हिशेब वाचून बरं वाटलं. 11,500 साठी महिन्याचे तीसही दिवस विकायची गरज नाही.

घरगुती कार्यक्रमही धर. डोहाळजेवण आणि बारसं चातुर्मास बघत नाहीत. ज्यांच्या लग्नाचे फोटो तू काढलेस त्यांच्याकडे वर्ष-दीड वर्षात हे कार्यक्रम येणारच. त्यांना स्वतःहून फोन कर, लाजू नकोस. अल्बम मिळाला का, काही अडचण आहे का, एवढंच विचार.

मेनरोडचा | 19 जून 2025

शाळांच्या ओळखपत्रांचं काम जूनमध्ये असतं. दोन दिवसांत 800 मुलं. फोटो सोपे, फाइलला जनरल रजिस्टरचा नंबर देणं अवघड. एक नंबर सरकला की पुढचे सगळे सरकतात. कॅमेऱ्यासमोर मुलाच्या हातात नंबराची पाटी द्या.

ढगांच्या_वर | 20 जून 2025

ड्रोन घेऊन जोडकाम करता येईल का? होमस्टेवाले विचारतात.

गंगापूररोड | 20 जून 2025

@ढगांच्या_वर, घेण्याआधी नियम वाचा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. त्याहून जड ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर लागतो. परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे कुणी बिलाशिवाय देत असेल तर घेऊ नका. आणि आपल्या जिल्ह्यात ओझरला विमानतळ, देवळालीला लष्कर, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. कुठे उडवायचं ते दर वेळी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघूनच.

रविवारचा_कॅमेरा | 20 जून 2025

कुंभमेळ्याचं काय? त्यात जोडकाम मिळेल ना?

जुना_पंचवटीकर | 21 जून 2025

मिळेल, आणि हंगामाच्या हिशेबातही ते चपखल बसतं. आपल्याकडचा सिंहस्थ श्रावण-भाद्रपदात असतो. 2027 ची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आहेत, म्हणजे लग्नं नसताना. ध्वजारोहण 2026 च्या ऑक्टोबर अखेरीस.

मी 2003 आणि 2015 दोन्ही बघितलेत. स्वतः फोटो काढून विकण्यात मला फार मिळालं नाही, सगळं जग तिथे कॅमेरा घेऊन येतं. मिळालं ते बाहेरून आलेल्या फोटोग्राफरांबरोबर फिरण्यात. त्यांना रामकुंडाकडे कुठल्या गल्लीतून जायचं माहीत नसतं. वैष्णव आखाडे नाशिकला आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात, एवढंही अनेकांना माहीत नसतं. तपोवनात कुणाशी कसं बोलायचं, पहाटे बॅटरी कुठे चार्ज करायची, रस्ते बंद झाल्यावर परत कसं यायचं, हे सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. रोजावर पैसे आणि मोठ्या लोकांचं काम जवळून बघायला मिळतं, ते वेगळं.

या मातीत हे नवीन नाही. दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870. त्यांनी आधी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, मग 1903 पासून पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी, मग छपाईचा धंदा. सिनेमा त्याच्यानंतर. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे गेलो की मला त्यांची ही मधली वर्षं आठवतात.

मखमलाबादकर | 9 नोव्हेंबर 2025

मंडळी, चातुर्मास संपला, म्हणून सांगायला आलोय.

स्टुडिओला नाही म्हटलं. कंपनीतही गेलो नाही. जुलै ते ऑक्टोबर जे केलं ते असं:

येवल्याच्या ताईंकडे सहा दिवस, 170 साड्या, 37,400. पहिल्या दिवशी माझ्या अकरा साड्यांचा रंग चुकला आणि ताईंनी सगळ्या परत काढायला लावल्या, त्याचे पैसे दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. इगतपुरी आणि त्र्यंबककडचे तीन होमस्टे, मिळून 27,000. सातपूरच्या एका कारखान्याचा 64 पार्ट्सचा कॅटलॉग, 22,000; पैसे 44 व्या दिवशी आले, हिशेबनीस साहेब, आकडा बघून तुमची आठवण झाली. डोहाळजेवणं आणि बारशी मिळून सात, 31,500. काकांनी सांगितलेल्या फोनमुळे पाच, दोन बायकोच्या मैत्रिणींकडची. अल्बम डिझाइन 11,000. एकूण 1,28,900. त्यातून बाजूचे दोन दिवे आणि ग्रे कार्ड, सेफ्टी शूज, पेट्रोल धरून साधारण 26,000 गेले.

खर्च झालेले दोन्ही अ‍ॅडव्हान्स पुन्हा खात्यात भरलेत. वहिनी, हे तुमच्यासाठी.

सगळंच जमलं असं नाही. स्टॉक फोटोच्या वेबसाइटवर 300 फोटो टाकले, चहाचे पैसेही आले नाहीत. एकच विषय नीट धरून शेकड्याने टाकणाऱ्यांचंच तिथे चालतं असं दिसलं. एका होमस्टेने काम झाल्यावर पैशांऐवजी दोन रात्री राहायला या म्हटलं. आधी लेखी घेतलं नव्हतं, त्यामुळे बोलता आलं नाही. अल्बम डिझाइन मी ऑक्टोबरमध्ये बंद केलं. रात्री एकपर्यंत जागून सकाळी कारखान्यात उभं राहणं मला झेपलं नाही, आणि त्या पंधरवड्यातले फोटो बघितले तर ते कळतं.

सगळ्यात जास्त शिकलो ते साड्यांत. आता लग्नात नवरीचा शालू दिसला की दिवा आपोआप खाली आणि बाजूला जातो. गेल्या आठवड्यातल्या लग्नात नवरीच्या आईने फक्त पदराचा फोटो मोठा करून मागितला.

नवी_फ्रेम | 9 नोव्हेंबर 2025

दादा, मी आत्ताच सुरुवात केलीय, डिसेंबरमध्ये तीन तारखा एका स्टुडिओसाठी सेकंड कॅमेरा करणार आहे. लेखी काय घेता ते टाकाल का? मला मागायची भीती वाटते.

मखमलाबादकर | 10 नोव्हेंबर 2025

भीती मलाही वाटायची. आता तारीख ठरली की त्याच दिवशी हा मेसेज पाठवतो. करार असा शब्द वापरत नाही, समोरचे बिचकतात. उत्तरात "ठीक आहे" आलं की पुरे.

"नमस्कार दादा. ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला, अमुक कार्यालयात, हळद सकाळी 9 पासून लग्न आणि पाठवणी होईपर्यंत मी सेकंड कॅमेरा करतोय. कॅमेरा-लेन्स माझे, कार्ड तुमची. मानधन 4,500, त्यातले 1,500 आज आणि बाकीचे कार्ड देताना त्याच रात्री. पंधरा दिवसांच्या आत तारीख रद्द झाली तर आजचे पैसे परत नाहीत. त्या कुटुंबाला मी माझा नंबर देणार नाही, कुणी काम विचारलं तर तुमच्याकडे पाठवेन. अल्बम दिल्यानंतर त्यातले दहा फोटो मी माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवेन, त्याला तुमची आणि कुटुंबाची हरकत नाही असं धरतो."

नंबर न देण्याची ओळ मुद्दाम आहे. ती वाचली की स्टुडिओवाला बाकीच्या ओळी मान्य करतो, आणि ती मी पाळतोही.

हिशेबनीस | 10 नोव्हेंबर 2025

शेवटच्या ओळीत दुरुस्ती करा, "असं धरतो" चालणार नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, एखाद्याने पैसे देऊन फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे लग्नाच्या फोटोंवर त्या कुटुंबाचा. तेव्हा "स्टुडिओ कुटुंबाकडून परवानगी घेऊन मला कळवेल, त्यानंतरच फोटो दाखवेन" असं लिहा.

मखमलाबादकर | 10 नोव्हेंबर 2025

हे माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या ऑर्डरींच्या कागदातही आज ही ओळ टाकतो.

जुना_पंचवटीकर | 10 नोव्हेंबर 2025

जेवणाचं राहिलं. एक जण पहिल्या पंगतीला बसेल, दुसरा दुसऱ्या, असं आधीच ठरवून लिही. नाहीतर दोघंही उपाशी राहतात, किंवा दोघंही ताटावर असताना विहिणींची पंगत होऊन जाते.

नवी_फ्रेम | 10 नोव्हेंबर 2025

दोन्ही ओळी घातल्या. आत्ताच पाठवला. "ठीक आहे" आलं, आणि पंधराशेही आले.